घाण्याचा बैल आणि शब्बाथ : विश्रांतीचा दिवस की उपासनेचा?



आज रविवार आहे, म्हणून तुम्ही इथे येऊ शकलात. व्याख्यान रविवारी ठेवलं की खुर्च्या भरतात, हे आयोजकांचं जुनं गणित. पण ही सुट्टी आली कुठून, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. रविवार म्हणजे सुट्टी, जसं आषाढ म्हणजे पाऊस.

मागच्या व्याख्यानानंतर जिन्यात एका श्रोत्यांनी मला गाठलं. म्हणाले, "सर, ज्यू लोक शनिवारी काम बंद ठेवतात ते देवाची प्रार्थना करायला, की नुसता आराम करायला?" मी घाईत होतो. "दोन्हीसाठी," असं म्हणून सटकलो. घरी जाताना लोकलमध्ये वाटलं, हे उत्तर चूक नाही, पण ते उत्तरच नाही. कारण 'दोन्ही' म्हटलं की भांडण संपतं, आणि या विषयातलं भांडण तर दोन-अडीच हजार वर्षं चाललंय. त्या भांडणात माणसं मेली आहेत, राजाज्ञा निघाल्या आहेत, पुस्तकं जाळली गेली आहेत. आणि त्याचं एक टोक आपल्या अलिबागच्या किनाऱ्यावर, दुसरं आपल्या गिरणगावात आहे. तर आज त्या श्रोत्यांना नीट उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

आधी शब्द

शब्बाथ हा हिब्रू शब्द. त्याच्या मुळाशी जो धातू आहे त्याचा अर्थ थांबणं, बंद करणं. झोपणं नाही, आराम करणं नाही आणि प्रार्थना करणं तर नाहीच नाही. थांबणं. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी तो थांबला, असं येतं. आता देव काही दमला नव्हता. हातातलं काम पुरं झालं, हात खाली ठेवला. त्या दिवसाला त्याने आशीर्वाद दिला आणि तो पवित्र ठरवला. त्या ठिकाणी कुणी कुणाची पूजा केली, असं काही नाही. पूजा करणार कोण? आदाम आणि हव्वा आदल्याच दिवशी जन्मलेले.

पुढे दहा आज्ञा येतात. गंमत अशी की दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा आहेत. एकदा निर्गमच्या विसाव्या अध्यायात, एकदा अनुवादच्या पाचव्या अध्यायात. बाकीच्या आज्ञा जवळपास सारख्या. शब्बाथाच्या आज्ञेत मात्र कारण बदलतं. निर्गममध्ये कारण आहे सृष्टीचं: देव थांबला, म्हणून तूही थांब. अनुवादमध्ये कारण आहे इतिहासाचं: तू मिसर देशात गुलाम होतास हे आठव, म्हणून थांब.

या दुसऱ्या कारणापाशी जरा थांबू या. गुलाम म्हणजे कोण? ज्याला "आज नाही, उद्या" असं म्हणता येत नाही तो. त्याचा दिवस त्याचा नसतो. म्हणून दोन्ही ठिकाणी आज्ञेत एक यादी दिलेली आहे: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरं, आणि तुझ्या गावात राहणारा परका माणूस. अनुवादमध्ये तर बैल आणि गाढव यांची नावं वेगळी काढून घेतली आहेत. निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात आणखी स्पष्ट आहे. बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा, दासीच्या मुलाला आणि परक्याला दम खाता यावा, यासाठी हा दिवस.

आता मला सांगा, बैल काय प्रार्थना करणार? गाढव कुठलं स्तोत्र म्हणणार? परका माणूस तर दुसऱ्याच देवाचा. म्हणजे ही आज्ञा ज्या रूपात आपल्यापुढे आहे, त्या रूपात ती मालकाला उद्देशून आहे. तू कामाला लावू नकोस, असं ती सांगते. जगाच्या इतिहासात कामाच्या दिवसांवर मर्यादा घालणारा, आणि ती मर्यादा जनावरांपर्यंत नेणारा हा फार जुना नियम आहे.

दुसरी बाजू

इथेच थांबलो तर मी वकिली केली असं होईल, इतिहास सांगितला असं होणार नाही. दुसऱ्या बाजूचे पुरावेही भक्कम आहेत.

पहिला म्हणजे 'पवित्र' हा शब्द. नुसती सुट्टी असती तर पवित्र म्हणायची गरज नव्हती. दुसरा, गणनाच्या पुस्तकात शब्बाथाच्या दिवशी मंदिरात रोजच्या अर्पणाखेरीज दोन कोकरं जास्त अर्पण करायला सांगितलं आहे. तिसरा, लेवीयमध्ये शब्बाथाला पवित्र मेळ्याचा दिवस म्हटलं आहे. आणि चौथा पुरावा मला सगळ्यात आवडतो, कारण तो नकळत आलेला आहे. दुसऱ्या राजांच्या पुस्तकात शुनेमची एक बाई आहे. तिचा मुलगा दगावतो आणि ती अलीशा संदेष्ट्याकडे धाव घेते. नवरा तिला विचारतो, आज का जातेस? आज ना अमावास्येनंतरचा पहिला दिवस, ना शब्बाथ. याचा अर्थ उघड आहे. शब्बाथाच्या दिवशी साधुपुरुषाच्या दर्शनाला जायची लोकांना सवय होती. यशयाच्या पहिल्याच अध्यायात देव या शब्बाथाच्या मेळ्यांवर चिडलेला दिसतो, कारण मेळ्याला येणाऱ्यांचे हात रक्ताने माखलेले आहेत. म्हणजे मेळे भरत होतेच.

पण एक फरक लक्षात घ्या. मंदिरातलं अर्पण याजक करत. ते जेरुसलेममध्ये. दूर गालीलातल्या शेतकऱ्याने शब्बाथ पाळला म्हणजे काय केलं? नांगर सोडला. नांगरणीच्या आणि कापणीच्या ऐन हंगामातसुद्धा सोड, असं निर्गम बजावतो. आणि शब्बाथ मोडणाऱ्यांवर ठपका कशाचा येतो? प्रार्थनेला आला नाहीस, असा नाही. आमोस चिडतो तो धान्याच्या व्यापाऱ्यांवर. शब्बाथ कधी संपतो आणि आपण माप मारून धान्य कधी विकतो, अशी त्यांना घाई झालेली. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात नहेम्या जेरुसलेमला आला. त्याला शब्बाथाच्या दिवशी द्राक्षं तुडवताना, गाढवांवर ओझी लादताना लोक दिसले. सोर शहराचे कोळी मासळी विकायला बसलेले. त्याने काय केलं? अंधार पडू लागला की शहराच्या वेशी बंद करायला लावल्या. त्याने बाजार बंद केला.

रिकामा झालेला दिवस

इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या फौजांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं. लोकांना बाबिलोनला नेलं. मंदिर गेलं, अर्पण गेलं, वेदी गेली. पण दिवस कुणाला उचलून नेता येत नाही. दर सातव्या दिवशी तो येतोच.

आणि त्या रिकाम्या दिवसात हळूहळू काहीतरी भरू लागलं: वाचन. लोक जमत आणि नियमशास्त्र वाचत. यातूनच सिनेगॉग, म्हणजे सभास्थान ही संस्था घडत गेली. फायलो आणि जोसेफस हे पहिल्या शतकातले दोन ज्यू लेखक. दोघंही अभिमानाने सांगतात की आमचे लोक सातव्या दिवशी काम सोडून शास्त्र ऐकायला, शिकायला जमतात. जेरुसलेममध्ये उत्खननात थिओडोटस नावाच्या माणसाचा एक ग्रीक शिलालेख मिळाला आहे. सभास्थान कशासाठी बांधलं ते त्यात कोरलं आहे: नियमशास्त्राचं वाचन, आज्ञांचं शिक्षण आणि परगावच्या लोकांना उतरायला जागा. प्रार्थनेचा शब्द त्यात नाही. शाळा आणि धर्मशाळा एकत्र, असं काहीसं. येशू नासरेथच्या सभास्थानात शब्बाथाच्या दिवशी उभा राहतो, तोही वाचायलाच.

म्हणजे क्रम पाहा. आधी थांबणं. थांबल्यामुळे मोकळा वेळ. त्या वेळात वाचन, मग हळूहळू प्रार्थना.

हा दिवस किती जिवापाड जपला जाई? अंतियोखस राजाच्या छळाच्या काळात, इसवी सनापूर्वी १६७ च्या सुमारास, सुमारे हजार माणसं रानातल्या गुहांमध्ये लपली होती. सैनिकांनी मुद्दाम शब्बाथाच्या दिवशी हल्ला केला. या लोकांनी दगडसुद्धा उचलला नाही. सगळे मारले गेले, बायकामुलांसकट. मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात हे आहे. तेव्हा मत्तथिया आणि त्याच्या सोबत्यांनी विचार केला, की आपण सगळेच असे वागलो तर पृथ्वीवर आपलं नाव उरणार नाही. त्यांनी ठरवलं, शब्बाथाच्या दिवशी कुणी चालून आलं तर लढायचं. पुढे ज्यू शास्त्रकारांनी जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडायला नुसती परवानगी दिली नाही, ते कर्तव्य ठरवलं.

रोमन लोकांना मात्र यातलं काही कळलं नाही. सेनेका म्हणाला, हे लोक आयुष्याचा सातवा हिस्सा फुकट घालवतात. टॅसिटसने तर ही आळसाची गोडी म्हटली. बाहेरून बघणाऱ्याला शब्बाथ म्हणजे पूजा दिसली नाही. आळस दिसला! गुलामांच्या श्रमांवर उभ्या असलेल्या साम्राज्याला गुलामाची सुट्टी आळसच वाटणार.

पंडितांचं भांडण

आता आपल्या श्रोत्यांचा प्रश्न थेट विचारणारी माणसं येतात. इसवी सन २०० च्या आसपास मिश्ना हा ग्रंथ सिद्ध झाला. शब्बाथाला बंद असलेल्या कामांचे एकोणचाळीस प्रकार त्यात मोजले आहेत. पेरणी, नांगरणी, कापणी, दळण, कणीक मळणं, लोकर कातरणं, विणणं, दोन अक्षरं लिहिणं, विस्तव पेटवणं, ओझं वाहून नेणं. सारा मनुष्यव्यवहार आला त्यात.

काय करायचं नाही, ते ठरलं. मग काय करायचं? जेरुसलेमच्या तालमुदात दोन मतं शेजारी शेजारी दिली आहेत. एक पंडित सांगतो, शब्बाथ आणि सण दिले ते केवळ खाण्यापिण्यासाठी. दुसरा सांगतो, केवळ शास्त्राच्या अभ्यासासाठी. दोघंही 'केवळ' म्हणतात, हे लक्षात घ्या. बाबिलोनच्या तालमुदात सणाच्या दिवसाबद्दल असाच वाद आहे. तिथे एलियेझर म्हणतात, एक तर पूर्ण खा-प्या, नाही तर पूर्ण अभ्यासाला बसा. यहोशुआ म्हणतात, वाटणी करा, अर्धा देवाचा, अर्धा तुमचा.

पुढच्या एका प्रवचनसंग्रहात या 'केवळ-केवळ' भांडणाचा निकाल लागतो, आणि तो फार शहाणपणाचा आहे. ज्याने खाणंपिणं सांगितलं, तो पंडितांविषयी बोलत होता. ते बिचारे आठवडाभर पोथीत डोकं घालून शिणतात, त्यांनी एक दिवस सुखाने जेवावं. ज्याने अभ्यास सांगितला तो कष्टकऱ्यांविषयी बोलत होता. ते आठवडाभर राबतात, त्यांना पोथी उघडायला वेळ कुठला? त्यांना हा एक दिवस मिळू दे.

म्हणजे प्रश्नच फिरवला. विश्रांती की उपासना, हे दिवसाकडे बघून ठरवू नका. माणसाकडे बघा. सहा दिवस त्याला काय मिळालं नाही ते विचारा. सातवा दिवस त्यासाठी.

उपासना आहे, सुट्टी नाही

आता रविवारकडे येऊ. सुरुवातीचे ख्रिस्ती आठवड्याच्या पहिल्या दिवशी जमत, येशूच्या पुनरुत्थानाची आठवण म्हणून. इसवी सन १५० च्या सुमारास रोममध्ये जस्टिनने त्या सभेचं वर्णन केलं आहे: वाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, गरिबांसाठी वर्गणी. सुट्टीचा उल्लेख? नाही. असणार कसा? साम्राज्यात रविवार हा कामाचा दिवस होता. ख्रिस्ती गुलाम पहाटे जाऊन प्रार्थना करत असतील आणि मग धन्याच्या कामाला लागत असतील. त्याआधी, ११२ च्या सुमारास, प्लिनी नावाच्या अधिकाऱ्याने सम्राटाला कळवलंच होतं की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात.

किती विचित्र जोडी आहे बघा. एकीकडे शनिवार: थांबणं आधी, प्रार्थना मागाहून. दुसरीकडे रविवार: प्रार्थना आधी, थांबणं मागाहून. जवळपास पावणेतीनशे वर्षं मागाहून.

३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने आज्ञा काढली. सूर्याच्या पूज्य दिवशी न्यायाधीशांनी, शहरातल्या लोकांनी आणि कारागिरांनी काम बंद ठेवावं. शेतकऱ्यांना मात्र मुभा, कारण हंगाम चुकला तर पीक जाईल. निर्गमने ऐन नांगरणीतही थांबायला सांगितलं होतं, आठवतं? इथे ज्याला सगळ्यात जास्त कष्ट, तोच सुट्टीच्या बाहेर राहिला. चौथ्या शतकातच लाओदिकियाच्या धर्मसभेने ठरवलं की ख्रिस्ती माणसाने शनिवारी ज्यूंसारखं रिकामं बसू नये, काम करावं. रविवारी शक्य असेल तर विसावा घ्यावा. 'शक्य असेल तर' हे शब्द गुलामाच्या बाबतीत किती पोकळ, ते सांगायला नको.

राजाचं पुस्तक

मधली हजारएक वर्षं ओलांडून इंग्लंडला जाऊ. सोळाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या कडव्या प्युरिटन लोकांनी रविवारला जुन्या शब्बाथाचे सगळे नियम लावले. अख्खा दिवस देवाचा. खेळ नको, नाच नको. आता मजूर माणूस शनिवार संध्याकाळपर्यंत राबणार, रविवारी दिवसभर प्रवचन ऐकणार. त्याने नाचायचं कधी?

१६१८ मध्ये पहिल्या जेम्स राजाने एक जाहीरनामा काढला, तो 'खेळांचं पुस्तक' म्हणून ओळखला जातो. चर्चमधली प्रार्थना आटोपली की लोकांनी नाचावं, तिरंदाजी करावी, उड्या माराव्या, त्यांना अडवू नये. राजाचं म्हणणं रोकडं होतं. साध्या माणसाला दुसरा दिवसच मोकळा नाही. खेळू दिलं नाही तर तो लढाईच्या कामाचा राहणार नाही, आणि गुत्त्यात बसून सरकारच्या नावाने बोटं मोडील. पण मेख अशी की जो चर्चला गेला नाही त्याला खेळायची परवानगी नाही. आधी हजेरी, मग खेळ!

१६३३ मध्ये चार्ल्स राजाने तो जाहीरनामा पुन्हा काढला. राजा आणि पार्लमेंटमध्ये युद्ध पेटल्यावर, १६४३ मध्ये पार्लमेंटने तो जाहीररीत्या जाळायला लावला. वरवर हे भांडण विश्रांती विरुद्ध उपासना असं दिसतं. मला ते तसं वाटत नाही. दोन्ही बाजू त्या मजुराच्या एकुलत्या एका दिवसावर हक्क सांगत होत्या. त्याला विचारलं कुणीच नाही.

शनिवार तेली

आता आपल्या घरी या. अलिबागजवळ नवगाव आहे. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत तिथे फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. कोकणातल्या गावोगावी हे लोक पसरले. दिव्याचे दिवेकर, किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर. मराठी बोलू लागले, तेलाचे घाणे चालवू लागले. आणि गावाने त्यांना नाव दिलं: शनिवार तेली. कारण ते शनिवारी घाणा जुंपत नसत. शेजारी सोमवार तेली होते, शंकराच्या वारी बैल न जुंपणारे हिंदू तेली. गावाला यात काही नवल वाटलं नाही. ज्याचा त्याचा वार.

आता विचार करा. या लोकांजवळ शेकडो वर्षं सभास्थान नव्हतं, धर्मगुरू नव्हते. हिब्रू जवळजवळ विसरली होती. देव एक आहे असं सांगणारी 'शमा' ही प्रार्थना तेवढी ओठांवर राहिली. सुंता राहिली, खवले आणि पर असलेलीच मासळी खाण्याचा नेम राहिला, आणि शनिवार राहिला. त्यांचं पहिलं सभास्थान मुंबईत बांधलं सामुएल दिवेकर यांनी, १७९६ मध्ये. बेने इस्राएल लोक त्याला मशीद म्हणत. मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात.

तोवर त्यांचा शब्बाथ म्हणजे काय होता? शुक्रवारी सूर्य बुडाला की घाण्याचा बैल सोडायचा. बस. पोथी नाही, पुरोहित नाही. तेवीसशे-चोवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली 'तुझा बैल विसावा घेवो' ही गोष्ट चौलच्या, पेणच्या परिसरात शब्दशः चालू होती, आणि चालवणाऱ्यांना ते पान वाचताही येत नव्हतं. 'घाण्याचा बैल' हे आपल्या भाषेत न संपणाऱ्या कष्टाचं नाव आहे. त्या बैलाला आठवड्यातून एक दिवस देणारे लोक आपल्या कोकणात होते!

हे उदाहरण मी विश्रांतीच्या बाजूने वापरू शकतो. उपासना गेली तरी थांबणं टिकलं, असं म्हणू शकतो. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर ते दुसऱ्या बाजूनेही बोलतं. नुसत्या आरामासाठी कुणी पिढ्यानुपिढ्या शनिवारची कमाई सोडत नाही. सणासुदीला तेलाला मागणी असताना सोडत नाही. हा दिवस देवाचा आहे, आपला नाही, एवढी एक समजूत त्यामागे असणार. म्हणजे तो बैल मोकळा राहिला तो श्रद्धेमुळे.

खंडोबाचा वार

शेवटचा मुक्काम गिरणगाव. १८८० च्या दशकात मुंबईतला गिरणी कामगार उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबे. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने मुलांना महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या, मोठ्या माणसांना काही नाही. एखादा दिवस गिरणी थांबली तरी यंत्रं पुसायला कामगारच हवे. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक कार्यकर्ते, 'दीनबंधु'चे संपादक, स्वतः गिरणीत काम केलेले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागण्या कोणत्या? दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार.

मालकांनी दाद दिली नाही. २४ एप्रिल १८९० ला सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. दोन स्त्री कामगारांनी त्या सभेत भाषणं केली. १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी देशभरच्या कारखान्यांना लागू झाली.

लोखंड्यांच्या आठवणीत एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार म्हणून. साहेबाचा चर्चचा दिवस आमच्या जेजुरीच्या देवाचाही दिवस निघाला! यातली हुशारी बघा. मागणी पूर्णपणे विश्रांतीची: पाठ मोडते, दम खाऊ द्या. पण तिला टेकण दिलं देवाचं. माणूस दमतो हे मालकाला समजायला सहा वर्षं लागली. देवाचा वार म्हटल्यावर निदान त्याला तोंड वर करून 'कशाला?' विचारता येत नाही.

या विजयाची एक दुखरी बाजूही सांगितली पाहिजे. रविवार सगळ्यांचा झाला तसा शनिवार तेलीच्या नातवाचा शनिवार गेला. तो आता मुंबईत कचेरीत, कारखान्यात नोकरीला होता. सुट्टी रविवारी, काम शनिवारी. घाण्यावर तो स्वतःचा मालक होता, बैल सोडणं त्याच्या हातात होतं. नोकरीत ते हातात राहिलं नाही. आता त्याच्याजवळ सभास्थान होतं, छापलेली प्रार्थना होती, पण दिवस नव्हता. पूर्वी दिवस होता आणि प्रार्थना नव्हती.

तर उत्तर काय?

जिन्यातल्या त्या श्रोत्यांना आज मी असं सांगेन. शब्बाथचा गाभा थांबणं आहे, आणि थांबवणंही आहे, म्हणजे ज्याला स्वतःहून थांबता येत नाही त्याला थांबू देणं. उपासना हे त्याभोवतीचं कुंपण. कुंपणाला शेत समजलं की काय होतं ते इंग्लंडमध्ये पाहिलं: हजेरी उरते, विसावा जातो. आणि कुंपण अजिबात नको म्हटलं तर? बाजार आत शिरतो. आमोसच्या काळातही दारात उभा होता, आजही आहे. फक्त आज तो खिशातल्या फोनवर वाजतो.

खाली दाराशी जे वॉचमन बसले आहेत, त्यांच्याशी येताना बोललो. बारा तासांची ड्युटी, महिन्याचे तीसही दिवस. सुट्टी घेतली तर पगार कापतात. लोखंड्यांच्या अर्जाला १४० वर्षं झाली. आपण रविवारी इथे बसून शब्बाथावर चर्चा करतोय आणि दार कोण सांभाळतंय, हे आज्ञेतली ती यादी वाचताना माझ्या मनातून जात नाही. तुझा दास, तुझी दासी, तुझ्या गावातला परका. वॉचमन बिहारचे आहेत.



प्रश्नोत्तरांतून

*श्रोत्या : तुम्ही यादी सांगितलीत, त्यात बायको नव्हती. मग स्वयंपाक कोण करायचं?*

बरोबर पकडलंत. यादीत बायको नाही. टीकाकार म्हणतात, 'तू' या शब्दात नवरा-बायको दोघं आले. मानायचं तर माना. पण नियमाने विस्तव पेटवायला बंदी आहे, त्यामुळे शब्बाथाच्या दिवशी चूल नाही, दळण नाही, धुणं नाही. तेवढ्यापुरती तिला खरी सुट्टी मिळते. मात्र शुक्रवारी दोन दिवसांचा स्वयंपाक सूर्य बुडायच्या आत उरकायचा, तो तिनेच. आपल्याकडच्या बायकांचा रविवार बघा. नवऱ्याला सुट्टी म्हणून चार पदार्थ जास्त. लोखंड्यांचा रविवार स्वयंपाकघरापर्यंत अजून पोचायचाय.

*श्रोते : मग आजच्या काळात सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी कशाला? ज्याने त्याने सोयीने घ्यावी.*

रशियात १९२९ मध्ये तसा प्रयोग झाला. यंत्रं थांबू नयेत म्हणून पाच दिवसांचा आठवडा केला आणि प्रत्येक गटाला वेगळ्या दिवशी सुट्टी दिली. नवऱ्याची एका दिवशी, बायकोची दुसऱ्या. विश्रांती मिळत होती, आकड्यात तर पहिल्यापेक्षा जास्त. पण घरातली माणसं एकमेकांना भेटेनात. दोनेक वर्षांतच सरकारला ती वेगवेगळी सुट्टी गुंडाळावी लागली. एकट्याने थांबणं आणि सगळ्यांनी मिळून थांबणं, यात फरक आहे. शब्बाथ हा मुळात दुसऱ्या प्रकारचा. म्हणून तर आज तुम्ही सगळे इथे एकत्र आहात.